आठ नंबर बाद नव्हता

आजच्या या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष, निवृत्त तहसीलदार माननीय शेषरावजी काकडे साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेल्या आमच्या किन्हीराजाच्या सरपंच मनकर्णाबाई. वाशीमहून मुद्दाम वेळ काढून आलेले क्रीडा खात्याचे साहेब. शाळेतले आजी-माजी सहकारी. पहिल्या रांगेत बसलेले पंजाबराव अंभोरे आणि रुख्मिणीबाई. आणि ज्याच्यासाठी आपण सगळे ऐन मे महिन्यात या समाजमंदिरात दाटीवाटीनं बसलो आहोत, तो त्यांचा मुलगा, तेरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळून नुकताच निवृत्त झालेला आपला अश्वजित. बंधूंनो, भगिनींनो, आणि कूलरसमोरची जागा अडवून बसलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

निवेदकानं आत्ता माझी ओळख करून दिली की, उकंडराव गुरुजी म्हणजे अश्वजितचे पहिले प्रशिक्षक. टाळ्याही वाजल्या. त्या टाळ्या मी तुम्हाला परत करतो. मी इतिहास शिकवत होतो आणि संध्याकाळी मुलांची कबड्डी घेत होतो. अश्वजित सहावीत असताना माझ्या कबड्डीत आला होता. काडीसारखं पोट्टं. कोणाला धरायचं म्हटलं की धरायचं नाही, नुसतं बाजूला सरकायचं आणि दुसऱ्याला इशारा करायचं की तू धर. आठ दिवस पाहिलं आणि सांगितलं, "बाप्पा, तुझ्यानं होत नाई, तू घरी जाय." तो घरी गेला, पुढं वाशीमच्या वसतिगृहात गेला, तिथं त्याला फुटबॉल भेटला. आता एवढ्याला प्रशिक्षण म्हणत असाल, तर मी त्याचा प्रशिक्षक आहे.

आज मला दोन गोष्टी करायच्या आहेत. एक म्हणजे अश्वजितचं कौतुक, ते तर सगळेच करतील. दुसरी गोष्ट पंजाबराव आणि अश्वजित या बाप-लेकामधली आहे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या तोंडून एक चुकीचा शब्द गेला आणि तो या दोघांच्या मध्ये जाऊन बसला. तो काढल्याशिवाय मी आज घरी जाणार नाही. अध्यक्षसाहेब, मला दहा मिनिटं दिली आहेत, पण मी शिक्षक आहे, तुम्ही समजून घ्याल.

आधी बाहेरच्या बॅनरबद्दल बोलतो. ग्रामपंचायतीनं हौसेनं त्यावर लिहिलं, 'गोलांचा बादशहा'. मनकर्णाबाई, रागावू नका. मी काल अश्वजितला विचारलं, बाबू, एकूण गोल किती? तो म्हणाला, "नऊ, गुरुजी." मला वाटलं नव्वद. पुन्हा विचारलं. नऊच. दोनशे अकरा सामने आणि नऊ गोल. तुमच्यापैकी काही जणांचे चेहरे मला इथून दिसत आहेत. मग एवढं मोठं मानधन देऊन पुण्याच्या, गोव्याच्या, कलकत्त्याच्या क्लबांनी याला ठेवलं कशाला, असंच ना?

तुम्ही चौदा एप्रिलची आपली पंगत डोळ्यांसमोर आणा. हजार माणूस जेवतं. जेवणाऱ्याचं नाव होतं, स्वयंपाक्याचं नाव होतं. पण पंगत उठते ती वाढणाऱ्याच्या भरवशावर. हा अश्वजित बारा वर्षांचा असताना वरणाची बादली घेऊन फिरायचा. बाकीची पोरं हाक येईल तिकडं पळायची. हा रांगेच्या टोकाला क्षणभर उभा राहायचा, सगळ्या पत्रावळी बघायचा आणि ज्याचं वरण संपत आलं आहे त्याच्यापुढं हाक येण्याआधी हजर. मधल्या फळीतला खेळाडू म्हणजे हेच काम. मागच्यांकडून घ्यायचं आणि पुढच्यांना, पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढं द्यायचं. आणि समोरच्यानं हिसकावलं तर पहिल्यांदा धावून जायचं ते यानंच. त्याच्या पासवर दुसऱ्यांनी अठ्ठावन्न गोल केले. हा आकडा मला आमच्या शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघातल्या धम्मदीपानं काढून दिला. ती नववीत आहे आणि माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे, हे पुढं कळेलच.

तर नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. अश्वजित तेव्हा पुण्याच्या क्लबकडून खेळत होता. त्यानं सामना बघायचे दोन प्रवेशपास पाठवले आणि फोनवर वडिलांना म्हणाला, "बाबा, एक डाव तरी पाहाले या." पंजाबराव माझ्याकडं आले. म्हणाले, "गुरुजी, मले त्या खेळातलं काई समजत नाई. तुमी संगं चाला, तुमी सांगसान." मला काय, मानच वाटला. गावात खेळातलं कळणारा माणूस कोण, तर उकंडराव गुरुजी. धोतर-टोपीतले पंजाबराव आणि इस्त्रीचा सदरा घातलेला मी, असे आम्ही दोघं पुण्याच्या त्या स्टेडियममध्ये जाऊन बसलो. पंजाबरावांच्या मांडीवर शेवेच्या लाडवांचा डबा होता. रुख्मिणीबाईंनी पोरासाठी दिला होता.

सामना सुरू झाला. पंजाबराव विचारत होते आणि मी सांगत होतो. खरं सांगू? मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. पण चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला 'मला माहीत नाही' हे वाक्य म्हणता येत नाही. तेवढं एक वाक्य मला शाळेनं शिकवलं नाही.

अश्वजित सुंदर खेळत होता, एवढं मलाही कळत होतं. त्याच्या संघाचे दोन गोल झाले. मग समोरचा एक गडी चेंडू घेऊन सुसाट निघाला, आणि यानं मागून त्याचा सदरा धरला. पंचानं पिवळं कार्ड दाखवलं. पंजाबराव म्हणाले, "काय झालं गुरुजी?" मी म्हणालो, "ताकीद दिली." इथपर्यंत बरोबर होतं हं. दहा-एक मिनिटं गेली. रेषेजवळ एका माणसानं पाटी वर धरली. तिच्यावर लाल दिव्यांत आठ आकडा. आठ नंबर म्हणजे आपला अश्वजित. तो मान खाली घालून, हळूहळू चालत बाहेर यायला लागला. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, टाळ्या वाजायला लागल्या.

पंजाबरावांनी माझा हात धरला. "गुरुजी, काय झालं त्याले?"

आणि मी, कबड्डीचा माणूस, ठामपणे म्हणालो, "बाद झाला."

"आन् मंग लोक टाळ्या कायले वाजवून राह्यले?"

"समोरच्या पार्टीचे आहेत. भारी गडी बाद झाला, तर वाजवणारच."

"एवढे सारे?"

"एवढे सारे," मी म्हणालो.

आता हसा तुम्ही. आपल्या कबड्डीत असंच तर होतं. समोरचा भारी चढाईवाला बाद झाला की माणसं झाडावरून टाळ्या वाजवतात. लाल आकडा, आधी ताकीद, मान खाली, टाळ्या. मी चार गोष्टी जुळवल्या आणि निकाल देऊन मोकळा झालो.

पंजाबरावांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग डबा उचलला आणि म्हणाले, "चाला गुरुजी." मी म्हटलं, अहो, पोराला भेटायचं आहे ना? ते काय म्हणाले, ते मी आज पहिल्यांदा जाहीर सांगतो. ते म्हणाले, "एवढ्या लोकांत बाद झालं पोरगं. आता बाप समोर दिसला, तर त्याले अजून लाज वाटन. आपण आलोच नोतो असं समजू द्या त्याले." आणि आम्ही निघालो. लाडवांचा डबा फाटकावरच्या पहारेकऱ्याकडं ठेवला, आठ नंबरला द्या म्हणून. त्या डब्यावरूनच आम्ही आल्याचं त्याला कळेल, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

अश्वजित, बाबू, खाली नको पाहू, इकडं पाहा. तुझा बाप तुझ्यावर नाराज होऊन गेला नव्हता. तुझी लाज राखायला गेला होता.

आणि पंजाबराव, तुम्हीही ऐका. पोरगा त्या दिवशी सामना संपल्यावर तासभर स्टँडमध्ये तुम्हाला शोधत होता. हातात तो डबा. त्याला वाटलं, आपला खेळ बाबांना आवडला नाही, म्हणून न भेटता गेले. पुन्हा कधी 'या' म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. आणि तुम्ही ठरवून टाकलं की, मी पाहायला बसलो की पोरगं बाद होतं. त्यानंतर घरात सामना लागला की हा माणूस गोठ्यात जाऊन बसायचा. रुख्मिणीबाई गव्हाच्या कोठीला मोबाईल टेकवून बघायच्या, आणि हे अंगणातून विचारायचे, "हाय का आत?" त्या म्हणायच्या, "हाय." पाच मिनिटांनी पुन्हा, "हाय का?" विचारा रुख्मिणीबाईंना. नऊ वर्षं एक बाप पोराचा खेळ असा ऐकत होता.

मला हे कळलं कधी? गेल्या महिन्यात. अश्वजितचा शेवटचा सामना शाळेच्या मुली मोठ्या पडद्यावर बघत होत्या. मीही जाऊन बसलो. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला पुन्हा तीच पाटी, तोच लाल आठ. मी सवयीनं म्हणालो, "केलं बाद." धम्मदीपा माझ्याकडं वळली. "गुरुजी, बाद नाई. बदली हाय ते. त्याचं काम झालं, आता दुसरा येईन. पाहा ना, लोक उभे राह्यले त्याच्यासाठी." मी म्हटलं, त्याच्यासाठी? ती म्हणाली, "मंग कोणासाठी?"

त्या मुलीला वाटलं, गुरुजींना उन्हाची भोवळ आली. पाणी आणून दिलं. मी घरी आलो, अश्वजितला फोन लावला, आणि पुण्याच्या त्या सामन्याचं आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "गुरुजी, तो माझा सगळ्यात चांगला डाव होता. दोन्ही गोल माझ्या पासवर झाले. पुढं उपांत्य सामना होता, अन् मले एक कार्ड झालं होतं. दुसरं झालं असतं तर तो सामना गेला असता. म्हणून कोचनं काढून घेतलं, सांभाळून ठेवाले." पुढं म्हणाला, "लोक उभे राह्यले होते गुरुजी. मले वाटलं, बाबा पाहून राह्यले असतील." मग त्यानं विचारलं, "बाबा काहून गेले होते?" हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हटलं, गावी ये, सांगतो. हे ते सांगणं.

पंजाबराव, तुमचं पोरगं बाद झालं नव्हतं. पुण्यात नाही, कुठंच नाही. पुण्यातले ते सगळे लोक तुमच्या पोरासाठी उभे होते. समोरच्या पार्टीचा तिथं एक माणूस नव्हता. एवढे सारे आपलेच होते. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं, फक्त मी तुम्हाला उलटं सांगितलं.

या गावाला मला अभिमानानं सांगायचं आहे की, आपल्यातून गोलांचा बादशहा झाला नाही, ते बरंच झालं. गोल करणारे पुष्कळ आहेत. सगळं मैदान बघून ज्याचं त्याला पोचवणारा, आणि 'आता तू ये' म्हटल्यावर न कुरकुरता बाहेर येणारा एक माणूस किन्हीराजानं दिला. या वर्षीपासून तो आपल्या शाळेच्या मैदानावर मुलामुलींना शिकवणार आहे. धम्मदीपा, त्याला प्रश्न विचारून त्रास दे. आणि अश्वजित, तू माझ्यासारखं करू नकोस, येत नसेल तर 'माहीत नाही' म्हण.

अध्यक्षसाहेब, एक विनंती. कार्यक्रमपत्रिकेत शाल आपल्या हस्ते आहे. मैदानातून बाहेर येणाऱ्या खेळाडूला रेषेजवळ कोणीतरी भेटतं, पाठीवर हात ठेवतं, असं मी आता पाहिलं आहे. पुण्यात त्या रेषेपासून एका बापाला माझ्या शब्दानं दूर नेलं. तो मान आज त्यांना द्यावा. साहेबांनी मान हलवली आहे. त्यांचे मनापासून आभार. मंडळाचे, ग्रामपंचायतीचे, इतका वेळ माझं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार.

भाषणाच्या शेवटी 'काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा' असं म्हणतात. मी आयुष्यभर हे वाक्य म्हणत आलो, आणि प्रत्येक वेळी माझी खात्री होती की माझं काहीच चुकलेलं नाही. आज चुकलं आहे. अश्वजित, पंजाबराव, रुख्मिणीबाई, मला माफ करा.

काय म्हणता, पंजाबराव? माइकवर सांगतो, मागच्यांना ऐकू आलं नसेल. पंजाबराव उभे राहिले आहेत. ते म्हणताहेत, "गुरुजी, झालं ना सांगून? मंग आता सरका बाजूले, मले पोराजवळ जाऊ द्या."

सरकतो. मंडळी, तुम्हीही उठा जागेवरून. अशा वेळी उभं राहायचं असतं.

मी बाहेर येतो. माझ्याऐवजी पंजाबराव.