दीडशे घोडे आणि न वाजलेली घंटा

मंडळी, ऐका! आज तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. माणसाचं बळ मोजायचं कधी? तो भरधाव सुटलाय, रस्ता मोकळा आहे, लोक टाळ्या पिटताहेत — तेव्हा? की उभ्या चढावर, भरल्या ओझ्यानिशी, थांबलेला माणूस परत निघतो — तेव्हा? हं! पेटीवाले मान डोलवताहेत. उत्तर माहीत आहे म्हणून नाही, सवय आहे म्हणून!

मी बुवा व्हायच्या आधी बावीस वर्षं एसटी डेपोत मेकॅनिक होतो. म्हणून आजचं आख्यान इंजिनाचं. अहो, दचकू नका! देवी आहे त्यात, जरा उशिरा येते इतकंच.

चिंचखोल नावाचं गाव. गावामागं डोंगर, डोंगरावर देवी. देवळाची जुनी घंटा तडकली, तेव्हा गावानं नवी ओतून घेतली ती केरबा ओतारींकडून. वय वर्षं एक्याऐंशी! हात थरथरतात, पण घंटा अशी ओतली की बघत राहावं. वजन दोनशे किलो. ती ओतली आणि केरबातात्यांनी भट्टी मोडली. म्हणाले, "ही शेवटची. आता हातात बळ न्हाय."

आता त्या गावचा रिवाज ऐका. नवी घंटा पायथ्यापासून देवळात जाईपर्यंत वाजता कामा नये! पहिला नाद देवीपुढंच. वाटेत टण् झालं, की घंटा उतरवायची, वितळवायची, पुन्हा ओतायची. मग आतला लोलक बांधून न्यावा की नाही? नाही! ती देवीची जीभ, तिला बांधायचं नाही. ज्यानं ओतली त्यानं शेजारी बसून हातात धरायची. म्हणजे कळलं का मंडळी? गाडीनं एक हिसका दिला, तर केरबातात्यांचं शेवटचं काम भट्टीत. आणि भट्टी तर मोडलेली!

मग घंटा न्यायचा मान कुणाला? बैठक बसली. दावेदार दोन. एक विश्वजितराव मोहोळकर — नवी कोरी पेट्रोल गाडी, पांढरी शुभ्र, मागं खास जोडून घेतलेली ट्रॉली. दुसरी शेवंता खुडे. डिझेलचा जुना पिकअप, दुधाचे कॅन घेऊन रोज तोच डोंगर चढणारी बाई. बाई मान मागते म्हटल्यावर निम्म्या बैठकीला खोकला आला!

अध्यक्ष नारबाअण्णा. त्यांनी दोन्ही गाड्यांचे कागद मागवले. म्हणाले, "भांडण नको. ज्याचा आकडा मोठा, त्याला मान." आणि वाचलं — विश्वजितरावांची गाडी, दीडशे हॉर्सपॉवर! शेवंताचा पिकअप, त्रेसष्ट! झालं! न्याय झाला. दीडशे घोडे कुठं आणि त्रेसष्ट कुठं!

शेवंता उठली. "अण्णा, त्यो आकडा किती फेऱ्यांवर येतो, त्ये बी वाचा की."

अण्णा म्हणाले, "त्ये बारीक अक्षरात हाय. चष्मा न्हाय आणला."

मंडळी, बारीक अक्षरात काय होतं ते मी सांगतो. घरी जातं होतं ना तुमच्या? जातं दाण्यांनी गच्च भरलं, तर पहिला वेढा घ्यायला खुंट्याला जो रेटा द्यावा लागतो, तो टॉर्क. आणि तासाभरात पीठ किती पडलं, ती पॉवर. म्हणजे रेटा आणि वेग, दोन्ही मिळून. विश्वजितरावांचे दीडशे घोडे यायचे कधी? इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेईल तेव्हा! टॉर्क एकशे नव्वद, पण तोही साडेचार हजारांवर. शेवंताच्या पिकअपचा टॉर्क एकशे पंच्याण्णव — म्हणजे उन्नीस-बीसच — पण तो दीड हजारावरच हजर! इंजिन नुसतं गुरगुरतंय आणि रेटा पूर्ण. पॉवर वाईट असं मी म्हणत नाही हं! हमरस्त्यावर विश्वजितराव शेवंताला धुळीसकट मागं टाकतील. पण घंटा हमरस्त्यावर न्यायची नव्हती.

आणि हे सगळं जाणणारा एक माणूस त्या बैठकीत बसला होता. कोण? मी! दुसरं कोण? अण्णांनी विचारलंसुद्धा, "बुवा, तुमचं काय मत?" माझ्या तोंडात चहा होता. आणि पांढऱ्या गाडीत पाचवी जागा मला मिळणार होती. मी म्हणालो, "मंडळानं ठरवलं ते योग्यच!" हसा, हसा. फुकट आहे!

दिवस उजाडला. ढोल, गुलाल, हार. ट्रॉलीत लाकडी चौकटीला घंटा टांगली. शेजारी केरबातात्या, हात घंटेच्या आत, मुठीत लोलक. गाडीत आम्ही पाचजण — विश्वजितराव, अण्णा, दोन सदस्य आणि बुवा. काचा बंद, एसी चालू. विश्वजितराव म्हणाले, "गार वाटतंय ना, बुवा?" मी म्हटलं, "कृपा आहे!" देवीची की एसीची, ते मी सांगितलं नाही.

पाच वळणं झकास चढलो. कशी? गाडी थांबलीच नाही, इंजिन चढ्या फेऱ्यांवर होतं. सहाव्या वळणावर दरी दिसायला लागली आणि अण्णा ओरडले, "थांबा, थांबा! फोटो!"

थांबली. ऐन चढावर! फोटो झाला, अण्णांनी फेटा सरळ केला, दुसरा फोटो झाला. आता निघा!

विश्वजितरावांनी अलगद क्लच सोडला. गाडी धापकन बंद! पुन्हा चालू केली. हाफ क्लच, थोडी मागं घसरली, पुन्हा बंद. क्लचप्लेट जळाल्याचा वास आला. मला तो वास बावीस वर्षं ओळखीचा! मी काय केलं? एसी जरा वाढवायला सांगितलं.

विश्वजितराव चिडले. "दीडशे घोडे आहेत म्हटलं!" आणि दिला ॲक्सिलरेटर — पाच हजार फेरे! — आणि क्लच सोडला एकदम! पुढची चाकं खडीवर गरगरली, मग पकडली, आणि ट्रॉलीला असा हिसका बसला, असा हिसका बसला की घंटा चौकटीत झोकांडली!

मंडळी, वाजली का?

नाही वाजली.

का नाही वाजली? लोलक मुठीतून निसटला तेव्हा केरबातात्यांनी हात काढला नाही. लोलक आणि घंटा यांच्यामध्ये डाव्या हाताची बोटं घातली. दोन बोटं मोडली. टण् झालं नाही, म्हातारा ओरडलाही नाही. त्याला वाटलं, आपण ओरडलो तर लोक घंटाच वाजली म्हणतील! गाडी पुन्हा बंद पडलेली, आणि आम्ही पाचजण काचा बंद करून गारव्यात. आम्हाला काही कळलंच नाही.

कळलं कुणाला? मागून रिकामे कॅन घेऊन शेवंता येत होती. तिनं पिकअप थांबवला, ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला, तात्यांचा हात बघितला आणि आमच्या काचेवर थाप मारली. "उतरा खाली! म्हाताऱ्याची बोटं गेली, आन् तुमी आत बसून काय करताय?"

उतरलो. तिनं स्वतःचा पदर फाडून बोटं बांधली. म्हणाली, "तात्या, आधी दवाखान्यात जाऊ." तात्या म्हणाले, "आधी वर. माझा उजवा हात शाबूत हाय." पोरी, उशीर करू नको, असंही म्हणाले.

तोवर मागून पायी येणारी मिरवणूक पोचली. त्यातल्या आठ माणसांनी बांबूंवर चौकट उचलून पिकअपमध्ये ठेवली. उजव्या मुठीत लोलक. शेवंतानं पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. आवाज नाही, धूर नाही, हिसका नाही! त्याच चढावरून, उभ्या जागेवरून, पिकअप निघाला. निघाला कधी तेच कळेना! आम्ही मागून चालत. पांढरी गाडी तिथंच, हार घातलेली.

वर पोचलो. घंटा टांगली. पहिला टोल कुणी द्यायचा? आता तुम्ही म्हणाल, शेवंतानं. भोळे आहात! खांबावर फलक आदल्या दिवशीच रंगवला होता — घंटावहनाचे मानकरी, विश्वजितराव मोहोळकर. रंग वाळलेला. खोडायचं कसं? विश्वजितरावांनी टोल दिला. टाळ्या झाल्या. शेवंता पिकअपचा दरवाजा उघडा धरून उभी होती, तात्यांना दवाखान्यात न्यायला.

तात्या नाद संपेपर्यंत डोळे मिटून होते. मग म्हणाले, "सूर लागला." आणि माझ्याकडं वळले. "बुवा, तुमी डेपोत व्हता न्हवं? त्या बैठकीत तुमास्नी कळलं न्हवतं का?"

मी म्हणालो, "कळलं होतं, तात्या."

ते म्हणाले, "बरं." आणि गाडीत जाऊन बसले.

मंडळी, मला शिव्या चालल्या असत्या! तो 'बरं' मला आजतागायत पचलेला नाही.

विश्वजितरावांना हसलात ना? ते बिचारे अडाणी होते. मी जाणता होतो! बघा माझ्याकडं. समोर दोनशे माणसं, हातात माईक, गळ्यात हार — आता मी सहा हजार फेऱ्यांवर आहे! काय जोर, काय आवाज! आणि त्या बैठकीत, सात माणसांपुढं, कपभर चहापुढं, मला एक वाक्य उचललं नाही. 'अण्णा, बाई बरोबर बोलतेय.' चार शब्द! म्हाताऱ्याची बोटं वाचली असती.

तुम्हीही उद्या कुठल्या तरी बैठकीत बसाल. सोसायटीत, शाळेत, घरच्या सोयरिकीत. कुणीतरी चुकीचा आकडा वाचेल, तुम्हाला ते कळेल, आणि नेमका तेव्हाच तुमच्यापुढं चहा येईल. तिथं माईक नसेल, टाळ्या नसतील. तिथं तोंड उघडेल का?

आता देवीचं नाव घ्या. मोठ्यानं नको, मोठ्यानं कुणालाही जमतं. हळू घ्या, आणि घेताना मनात आणा — तुमच्या गप्प बसण्यानं आज कुणाची बोटं मध्ये आहेत.