माळ्याची खिडकी

"काहीही झालं तरी माळ्याची खिडकी लावायची नाही, पाखरं आहेत आत." सासऱ्यांचं हे बजावणं दवाखान्याच्या बाकावर सुनेला आठवलं, आणि तिने शेजारी बसलेल्या नणंदेचा हात धरला.

"वन्सं, निघताना मी घाईघाईने सगळं घर बंद केलं."

"बरं केलंस की."

"माळ्याची खिडकीसुद्धा."

"अगं बाई. पिल्लांना अजून पंखही फुटले नाहीत."

"चिमणी बाहेरून काचेवर चोच आपटत असेल."

"भूल उतरली की अप्पा आधी त्यांचीच चौकशी करतील. पोटच्या लेकीचा नंबर त्यानंतर."

"आत नेताना 'पाखरांना सांभाळ' असा शब्द घेतलाय माझ्याकडून त्यांनी."

"मग बसलीस काय? इथे मी आहे."

"शुद्धीवर आल्यावर माझ्याविषयी विचारलं तर?"

"सांगेन, तुमच्या माळ्यावरच्या नातवंडांपाशी गेलीय."

सुनेने पिशवीतून किल्ली काढली आणि चपलांचा आवाज न करता ती जिना उतरू लागली.