सांगोल्याला पाठवलेला गुप्त निरोप

आमच्या बँकेत एका शाखेतून दुसऱ्या शाखेत सुरक्षित निरोप पाठवायची नवी सोय आली, तेव्हाची गंमत सांगते. मी भवानी पेठ शाखेत होते. तपासणीचे साहेब न कळवता सांगोल्याच्या शाखेत निघालेत, असं मला कळलं. तिथली सुमन माझी मैत्रीण. मी लगेच निरोप टाकला, "साहेब येतायत. टेबल आवरून ठेव."

शेजारचे जोशी म्हणाले, "अहो, प्रत्येक निरोपाची प्रत साहेबांना जाते की."

तेवढ्यात मला साहेबांचं उत्तर आलं, प्रत सुमनलाही, "सांगोला रद्द. अर्ध्या तासात तुमच्याच शाखेत पोचतो."

त्यापाठोपाठ सुमनचा निरोप आला, "लई उपकार झाले बाई, ब्याद टळली."

त्याचीही प्रत साहेबांना गेली.