विमलताईंचं टेलेक्स बदललं तेव्हा

मंडळी, जाधवकाका, मंजूताई, साहेब, आणि पहिली पाळी संपवून अंगावरची साच्यांची काळी माती तशीच घेऊन इथं कँटीनमध्ये येऊन बसलेले माझे सगळे भाऊ.

मला बोलता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. डिस्पॅचमध्ये मी ट्रकवाल्यांवर ओरडतो, ते बोलणं वेगळं. काल बसून कागदावर लिहून काढलं होतं. कागद खिशात आहे, पण काढत नाही. जे सांगायचंय ते त्या कागदावर नाहीच.

विमलताई गेल्या गुरुवारी गेल्या. सकाळी डबा भरत होत्या. छातीत कळ आली म्हणाल्या, खाली बसल्या, आणि उठल्याच नाहीत. बुधवारी मी त्यांना गेटवर बघितलं होतं. "महादेव, उद्या लवकर ये, सकाळी दोन टेलेक्स हायत," म्हणाल्या. मी व्हय म्हटलं. एवढंच शेवटचं बोलणं.

नवीन पोरांपैकी कित्येकांनी ताईंना नुसतं आवाजावरनं ओळखलं असेल. शिवाजी पेठेतला आवाज. टेलेक्सच्या केबिनमधनं हाक मारली की मोल्डिंगपर्यंत ऐकू जायची. पेठेतल्या संघाची मॅच असली की अर्धा तास आधी सुटायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गोल कसा हुकला ते साहेबांनासुद्धा ऐकवायच्या. जाधवकाका, तुम्ही त्यांचे यजमान, आणि शांत माणूस. घरात कसं चालायचं तुमचं, मला कायम प्रश्न पडायचा.

अशी ही बाई. एकदाच मी तिला घाबरलेलं बघितलं. त्याच दिवसांबद्दल मला बोलायचंय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर आपल्याकडं जुनं टेलेक्स होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. टाइपरायटरच्या थोरल्या भावासारखं ते धूड, तारेवरनं परगावच्या मशीनवर निरोप छापणारं. आधी मजकूर टाइप करून कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून घ्यायची. मग नंबर फिरवायचा. लाइन लागली की समोरच्या गावातलं मशीन स्वतःचं नाव आपल्या कागदावर छापायचं. त्याला आन्सरबॅक म्हणतात. नाव बरोबर आलं की पट्टी सोडायची, आणि शेवटी पुन्हा एकदा नाव मागून घ्यायचं. खडखडाट एवढा की शेजारी बसून बोलता यायचं नाही. ताईंनी त्याच्यावर चौदा वर्षं काढली. सगळ्या गिऱ्हाइकांची ती छापील नावं त्यांना तोंडपाठ होती.

मग नवीन आलं. लहान, गुळगुळीत. समोर काच, काचेवर हिरवी अक्षरं. पट्टी नाही, भोकं नाहीत. नंबर आधीच त्याच्या पोटात भरून ठेवायचे. दोन आकडे दाबले की ते आपणच नंबर लावणार, नाही लागला तर परत लावणार, आणि पाठवून झाल्यावर एक चिठ्ठी छापणार, की गेलं.

पुण्याहून इंजिनिअर आला, दोन दिवस शिकवून गेला. मी तेव्हा तिशीतला, गारगोटीहून आलेला, नवीन यंत्राचं मला लय वेड. माझ्या चटकन डोक्यात बसलं. ताईंच्या बसेना. काचेवर लिहिलेलं खरं कसं मानायचं, हा त्यांचा सवाल. "कागदावर उमटलं तर हाय म्हणायचं. हे पुसलं की गेलं कुठं?" इंजिनिअर हसला. मीही हसलो. मंडळी, मीही हसलो.

त्या वेळच्या साहेबांनी सांगितलं, महिनाभर दोन्ही मशीन ठेवू. लाइन एकच. भिंतीवर एक खटका बसवला होता, वर केला की नवं, खाली केला की जुनं. महिन्यानं जुनं उचलून नेणार. आणि जमत नसेल तर तसं सांगा, म्हणाले, शिकलेला माणूस घेऊ.

त्या दिवशी संध्याकाळी बस स्टॉपवर ताई मला म्हणाल्या, "महादेव, मला काढतील काय रं?"

मी म्हटलं, "ताई, कोण काढतंय तुम्हाला?"

"मंजूचं लग्न व्हायचं हाय. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. मी ह्या वयात कुठं जाऊ?" आणि मग एकदम आवाज चढवून, "जमवतो मी. बघ तू."

जाधवकाकांनी परवा मला घरी एक कागद दाखवला. जुन्या कॅलेंडरची पाठ. तिच्यावर ताईंनी पट्टीनं नवीन मशीनचा सगळा कीबोर्ड आखला होता. एकेक बटण. तो कागद ओट्यावर ठेवायचा आणि भाजी शिजेपर्यंत बोटं फिरवायची. महिनाभर. आम्हाला कुणाला बोलल्या नाहीत.

ऑफिसात मात्र त्यांचा जीव टांगणीला लागलेला दिसायचा. एक टेलेक्स पाठवला की तीनदा चिठ्ठी वाचायच्या. पाणी प्यायला उठायच्या आणि अर्ध्यातनं परत यायच्या. डबा तसाच घरी जायचा. मला वाटायचं, उगीच. मशीन म्हणतंय ना गेलं, मग गेलं.

आता तो दिवस सांगतो. उद्या जुनं मशीन जाणार, त्याच्यावर ताईंनी घरनं आणलेली चादर घातलेली. सकाळी साडेदहाच्या सुमारास लॅबमधनं फोन आला. आपण मद्रासकडच्या एका कारखान्याला ट्रकचे ब्रेकड्रम पाठवले होते. त्याच भट्टीच्या रसातनं ओतलेले, मागं राहिलेले चार ड्रम लॅबनं तपासले, तर धातू कच्चा. ठिसूळ. माल निघून चार दिवस झालेले. त्या दिवशी तिथं उतरणार, आणि उतरला की थेट गाड्यांना बसणार.

ब्रेकड्रम म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगायला नको. भरलेला ट्रक घाट उतरतोय आणि ड्रमला तडा गेला, तर पुढचं काय ते तुम्हीच ओळखा.

साहेबांनी मजकूर लिहून दिला. हे ड्रम बसवू नका, बसवले असतील तर काढा. ट्रंक कॉल बुक केला, पण मद्रासची लाइन मिळेना. ताईंनी नवीन मशीनवर मजकूर टाइप केला, दोन आकडे दाबले. दोन मिनिटांत चिठ्ठी आली, गेलं. साहेब "बरं झालं" म्हणून आत गेले. मी कपाळाचा घाम पुसला.

ताई चिठ्ठी हातात धरून उभ्याच.

"महादेव, हे त्यांचं नाव न्हाय."

"काय न्हाय?"

"आन्सरबॅक त्यांचा न्हाय. खाली बघ. हे दुसरंच कायतरी आलंय."

मी म्हटलं, "ताई, वर स्वच्छ लिहिलंय गेलं म्हणून. त्यांनी नाव बदललं असेल."

"गेलं ते खरं. कुणाला गेलं, ते बघ की!"

मी वाद घातला. मंडळी, मी पाच मिनिटं वाद घातला. म्हटलं, साहेबांना आत्ता सांगितलंत तर तुम्हाला मशीन जमत नाही असंच म्हणतील. हे मी खरंच बोललो. त्यांचा चेहरा उतरला. चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मला वाटलं, बसतील आता खाली.

त्या बसल्या नाहीत. चादर ओढून काढली, भिंतीवरचा खटका खाली केला, आणि जुन्या मशीनवर नंबर फिरवायला घेतला. वहीत न बघता, पाठ होता तो नंबर. एंगेज. परत फिरवला. एंगेज. साहेब आवाज ऐकून बाहेर आले. "मिसेस जाधव, हे काय चाललंय?" ताईंनी मान वर केली नाही. "साहेब, मजकूर भलतीकडं गेलाय. थांबा जरा."

बारा वाजले. लाइन लागत नव्हती. ताईंचं बोट लाल झालेलं. त्या डायल फिरवत होत्या आणि मी शेजारच्या टेबलावर बसलो होतो. माझ्यासमोर माझी वही होती. नवीन मशीनच्या पोटात सगळे नंबर भरले होते, ते कुणी? मी. इंजिनिअर गेल्यावर, मोठ्या हौसेनं, एका दुपारी पन्नास-साठ नंबर मी एकट्यानं भरले होते. वही उघडली. मद्रासचा नंबर काढला. हळूच नवीन मशीनची यादी काचेवर आणून बघितली. शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते.

मी वही मिटली.

कुणी बघितलं नाही. निदान तेव्हा मला असं वाटलं.

साडेबाराला जुन्या मशीनवर लाइन लागली. कागदावर नाव उमटलं. ताईंनी नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "हे. हे त्यांचं." पट्टी सोडली नाही. लाइन चालू ठेवून थेट हातानं टाइप केलं. शेवटी लिहिलं, उत्तर आल्याशिवाय मी जागेवरनं उठणार नाही.

पाऊण तास. साहेब उभे, लॅबवाले दारात, ताई मशीनसमोर, मी वहीवर हात ठेवून. मी मनात गाड्या मोजत होतो. कुठल्या गाडीला बसला असेल, कोण चालवत असेल, कुठल्या घाटात असेल. त्या गाड्या मी अजून कधीकधी मोजतो.

मग मशीन हललं. माल सकाळीच उतरला होता. दोन गाड्यांना ड्रम बसवून झाले होते, गाड्या आवारातच उभ्या होत्या, काढायला घेतलेत, बाकीचा माल बाजूला ठेवलाय. ताईंनी ते मोठ्यानं वाचलं. आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्या खुर्चीच्या पाठीला टेकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मद्रासच्याच एका चामड्याच्या व्यापाऱ्याचा टेलेक्स आला. आमच्याकडे ब्रेकड्रम नाहीत, आम्ही काय काढावं ते कळवा. सगळं ऑफिस हसलं. ताईही हसल्या. मला हसता आलं नाही.

साहेबांनी विचारलं, नंबर चुकला कसा? मी समोर उभा होतो. मी वही पाठीमागं धरली. ताई म्हणाल्या, "मशीन माझ्या ताब्यात हाय. यादी मी तपासायला पायजे होती. तपासलो न्हाय." साहेबांना नियमानं काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी ताईंना लेखी समज दिली. मेमो. ज्या बाईनं दोन गाड्या थांबवल्या, तिच्या फायलीत मेमो.

त्याच दिवशी जुनं मशीन न्यायला माणसं आली. दोर बांधायला ताईंनीच हात लावला. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "बस. यादी परत भरू. मी वाचतो, तू भर." साठ नंबर आम्ही भरले. मद्रासचा आला तेव्हा त्या थांबल्या. वही माझ्याकडं सरकवली. "हा तूच वाच. मोठ्यानं." मी वाचला. "परत." मी परत वाचला. माझ्याकडं बघितलं, मान हलवली, आणि पुढचा नंबर सांगितला.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तेव्हाही, आणि त्यानंतर चार वर्षं. एका शब्दानं बोलल्या नाहीत. मंजूताईच्या लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवलं. माझ्या मुलीचं नाव शाळेत घालायला माझ्याबरोबर आल्या. मला दररोज वाटायचं, आज सांगावं. आज साहेबांकडं जाऊन सांगावं. उद्या जाऊ म्हणायचो. आता कुठला उद्या आणू, मंडळी?

ते साहेब बदलून गेले. आताचे साहेब, तुम्ही इथं आहात. सगळ्यांसमोर सांगतो. तो नंबर मी चुकवला. विमल जाधवांच्या फायलीत जो मेमो आहे तो माझा आहे. तो तिथनं काढून माझ्या फायलीत लावावा, असा अर्ज मी आज सकाळी तुमच्या टेबलावर ठेवलाय. खाली सही केली आहे. तारीख घातली आहे. जे व्हायचं ते होऊ दे.

जाधवकाका, तुम्हाला काय बोलायचं असेल तर बोला. शिव्या दिल्यात तरी चालेल. मंजूताई, तुझी आई काम न जमणारी बाई नव्हती. हे तुला कुणीतरी ऑफिसातल्या माणसानं सांगायला हवं होतं. चार वर्षं उशीर झाला. मला माफ कर.

विमलताई, मी तुम्हाला हात जोडतो. तुम्ही असताना जोडायला हवे होते.

आता सगळ्यांनी उभं राहूया. भट्टीजवळच्या लोकांना साहेबांनी आवाज नको म्हणून भट्टीचा पंखा बंद ठेवायला सांगितलंय. ज्यांना उभं राहणं होत नाही त्यांनी बसूनच डोळे मिटावेत. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये.