पाण्याखालचं टपालघर

ताई : हात चालू असला की माझं तोंडही बरं चालतं, म्हणून ही चेन उसवत बसते. तुम्ही बोला. तो पँटींचा गठ्ठा सरकवा आणि स्टुलावर बसा. काय म्हणत होतात, माझा पत्ता कुणी दिला?

लेक : चित्रकारांनी. तुमच्या जुन्या ऑफिसात गेमची चित्रं रंगवायचे ते. म्हणाले, फोनवाल्या ताई ना, त्या आता कपडे दुरुस्त करतात, ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत.

ताई : म्हातारा आहे म्हणायचा अजून. दाढी ठेवलीय का?

लेक : मी फोनवर बोलले. दाढी ऐकू आली नाही.

ताई : हे बरं झालं मला. नऊ वर्षं फोनवर काढली आणि असला प्रश्न विचारते. तुम्ही काय करता?

लेक : दातांची डॉक्टर आहे. लोक दिवसभर माझ्यासमोर तोंड उघडून खोटं बोलतात, की रोज रात्री घासतो म्हणून.

ताई : मग तुमच्याशी जपून बोलायला हवं. काम काय काढलंत?

लेक : माझी आई तुम्हाला फोन करायची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चारला. सत्तावीस वर्षं झाली.

ताई : अहो, एकेका दिवशी शंभर-शंभर फोन यायचे. कुणाकुणाला लक्षात ठेवणार मी?

लेक : तसं असेल. मला तुमचं काम नेमकं काय होतं तेच माहीत नाही. तेरा वर्षांची होते मी. आई म्हणायची, अडलं की ताईंना विचारायचं.

ताई : अडलं की विचारायचं, हेच काम. आता तुमच्या दवाखान्यातल्या पोरींना सांगून खरं वाटणार नाही, पण एक जमाना होता. एक चित्र असायचं, समजा धक्क्यावरचं गोदाम. एक बाण असायचा. बाण नेऊन टिचकी मारायची, दोरी दिसली की उचलायची, माणूस दिसला की बोलायचं. कुणी मागे लागत नाही, कुणी मारत नाही, घड्याळ नाही. ज्याला सुचेल त्याने पुढे जावं, नाही सुचलं तर तिथेच रेंगाळावं. लोक आठवडा-आठवडा एका कुलपापाशी बसायचे. आणि अगदीच डोकं चालेनासं झालं की आम्हाला फोन.

लेक : आणि तुम्ही उत्तर सांगायचात.

ताई : छे. उत्तर सांगायचं नाही हा पहिला नियम. पहिल्या फोनला नुसतं म्हणायचं, खिडकी नीट पाहिलीत का? दुसऱ्याला म्हणायचं, पडदा जरा लांब नाही वाटत? तिसऱ्यांदा फोन आला तर दोरीचं नाव काढायचं. मोठमोठे लोक यायचे फोनवर. एक न्यायाधीश होते, निकाल पुढे ढकलून खेळायचे, स्वतःच सांगायचे. एक आजी होत्या, त्या फोन करून वर मलाच ओरडायच्या, की सांगितलंस कशाला, मला सुचत आलं होतं. सहा लाइनी, सहा पोरी, खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. सुट्ट्यांनंतरच्या आठवड्यात पाणी प्यायला उठता यायचं नाही. आणि पलीकडच्या खोलीत चित्रकार ब्रशने खरोखरीचं चित्र काढायचे, पुठ्ठ्यावर. एकेक चित्र चार दिवस. लेखक त्यांच्या मागे उभा राहून म्हणायचा, इथे एक ओली छत्री टाका, कुणीतरी आत्ताच आलंय असं वाटू दे.

लेक : ओली छत्री आठवते मला. तिसऱ्या गेममधली. आई माउसवर आणि मी शेजारी स्टुलावर. माझं काम बोट दाखवायचं. पडद्यावर माझ्या बोटांचे ठसे असायचे सगळे.

ताई : मग तुम्ही आमच्याच म्हणायच्या.

लेक : आणि मग काय झालं? कंपनी बुडाली कशी?

ताई : बुडायचं काय, ओहोटी लागली. नवे गेम आले, पळायचं आणि गोळ्या झाडायचं. पोरं तिकडे गेली, ते ठीकच, पोरांना पळायला हवंच असतं. पण दुकानदारांनी आमची खोकी समोरच्या फळीवरून खालच्या फळीवर नेली, आणि एक दिवस तिथूनही काढली. इंटरनेटवर उत्तरं फुकट मिळायला लागली, मग मला कोण विचारतंय. सहाच्या चार लाइनी झाल्या, चारच्या दोन. शेवटी एक फोन, एक मी. मालकांनी एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. आत गेलेला माणूस डबा घेऊन थेट जिन्याकडे वळायचा. त्याच वर्षी शेवटचा गेम निघाला.

लेक : पाण्याखालचं टपालघर.

ताई : हो.

लेक : हात थांबला तुमचा.

ताई : दोरा अडकला.

लेक : आई तोच खेळत होती. मागच्या महिन्यात बाबांचं घर रिकामं केलं, तेव्हा तिची वही सापडली. तुम्ही सांगितलेलं सगळं तारखेनिशी लिहून ठेवायची. जुना संगणकही होता. एकाने तो चालू करून दिला. आईने जिथवर खेळून ठेवलं होतं, तिथून मी खेळतेय. लोखंडी दरवाजा आहे, धरणावरच्या पहारेकऱ्याचा. पोस्टमन बाई पत्र घेऊन बाहेर उभी. दोन आठवडे झाले, उघडत नाही. इंटरनेटवर शोधलं, या गेमबद्दल कुणी काही लिहिलेलंच नाही.

ताई : लिहिणार कोण? खपलाच नाही तो.

लेक : म्हणून तुमच्याकडे आले. त्या दरवाजाचं काय करायचं?

ताई : इतक्या वर्षांनी काय आठवणार, बाई. दरवाजे काय कमी होते का आमच्याकडे.

लेक : ही वही बघा. आठवेल कदाचित.

ताई : माझा चष्मा...

लेक : डोक्यावर आहे. मीच वाचते. "मंगळवार. ताई म्हणाल्या, साखळीकडे पाहा." "शुक्रवार. साखळीने काही होत नाही. ताई म्हणाल्या, पुन्हा पाहा." असं चार महिने आहे. मग हे. "मंगळवार. आज सरळ विचारलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला हवं का? ताई म्हणाल्या, नाही, अगदी जवळ आलात." त्यानंतर, "शुक्रवार. फोन लागला नाही." "मंगळवार. फोन लागला नाही. नवा नंबर शोधायला हवा." मग वही कोरी आहे.

ताई : दे इकडे.

लेक : घ्या.

ताई : किती नीट अक्षर. आजारी माणसाचं वाटत नाही.

लेक : आजारी होती हे तुम्हाला माहीत होतं?

ताई : तिसऱ्या की चौथ्या फोनला सांगितलं तिने. कपडे वाळत घालते म्हणावं, तसं. म्हणाली, औषध चढवून आले की दोन दिवस उठवत नाही, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार. मला सगळं आठवतं, पोरी. मघाशी खोटं बोलले तुझ्याशी.

लेक : ते कळलं मला.

ताई : त्या दरवाजाला शिट्टी लागते. पोस्टमन बाईची शिट्टी. ती पहिल्याच चित्रात आहे, टपालघरात, कॅलेंडरच्या मागे, एवढीशी. ती न घेता बोटीत बसलीस की संपलं. बोट परत येत नाही.

लेक : परत येत नाही म्हणजे?

ताई : यायची आधी. लेखकाने तसंच लिहिलं होतं, विसरलात तर परत या. पण परतीच्या वाटेची चित्रं व्हायच्या आत चित्रकारांना घरी पाठवलं. मालक म्हणाले, परतीची वाट काढून टाका, खोकी दुकानात जाऊ देत. लेखक हातापाया पडला त्यांच्या, सगळ्यांदेखत. मालक म्हणाले, दोन महिन्यांत सुधारलेली डिस्क काढू, सगळ्यांना पोस्टाने पाठवू. आणि मला बोलवून सांगितलं, तोवर कुणी त्या दरवाजाचं विचारलं तर चूक कबूल करायची नाही. हिंट देत राहायचं. म्हणायचं, जवळ आलात.

लेक : म्हणजे आई चार महिने त्या दरवाजासमोर...

ताई : कधीच उघडणार नव्हता तो तिच्यासाठी. आणि मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

लेक : तिने सरळ विचारलं होतं तुम्हाला.

ताई : विचारलं. मी त्या दिवशी ऑफिसात एकटी होते, मालक बाहेर गेलेले. खरं सांगितलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मनात आलं, हिच्याकडे दिवस किती आहेत कोण जाणे, हिला कुठे सांगू की सगळं पुसून पहिल्यापासून कर. मोडून पडेल. त्यापेक्षा आशेवर राहू दे. असं मी स्वतःला सांगितलं. नोकरीही प्यारी होती, तेही होतं. दोन्हीतलं काय जास्त होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

लेक : आणि फोन का लागला नाही?

ताई : दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, ऑफिस बंद केलं. दुपारी बारा वाजता सांगितलं, दोन वाजता कुलूप. डिस्क निघालीच नाही. तुझ्या आईचा नंबर माझ्याकडे होता, एका चिठ्ठीवर. घरी आल्यावर ड्रॉवरमध्ये ठेवला. रोज म्हणायचे, उद्या करते. फोन केला असता तर खरं सांगावं लागलं असतं. वर्ष गेलं, मग दुसरं गेलं, मग ती चिठ्ठी बघायचीच बंद केली.

लेक : मला एक सांगायचंय. तुम्हाला दुखवायला नाही. कुणाला तरी सांगायला हवं, आणि हे कळणारं दुसरं कुणी नाही.

ताई : सांग.

लेक : ती आजारी पडली तेव्हा मी तिच्याजवळ बसेनाशी झाले. औषधांचा वास यायचा खोलीत. ती बिछान्यात बसून खेळायची आणि हाक मारायची, ये, स्टूल आण. मी म्हणायचे, दरवाजा उघडला की बोलव, शेवट बघायला येईन. मला खरंच तसं वाटायचं. एकाच चित्राकडे काय बघत बसायचं रोज? शाळेतून आले की दारातून विचारायचे, उघडला? ती म्हणायची, ताई म्हणतात जवळ आलंय. की मी माझ्या खोलीत.

ताई : अगं बाई.

लेक : सुरुवात आम्ही दोघींनी खेळली होती, शेजारी बसून. ते टपालघर, ती मांजर, ते तिरसट साहेब. मला तोच भाग आवडायचा. ती म्हणाली असती, चल, पुन्हा पहिल्यापासून खेळायचंय, तर मी आले असते, ताई. त्याच दिवशी स्टूल घेऊन आले असते. चार महिने होते आमच्याकडे.

(पुढल्या दुकानात कुणीतरी घंटी वाजवतं आणि निघून जातं.)

ताई : तू तेरा वर्षांची होतीस. मी एकोणतीस. तुझ्यात आणि माझ्यात तेवढा फरक आहे, तो विसरू नकोस. तू आपल्या वाट्याचं माझ्या पदरात टाकून जा.

लेक : ते असं जात नाही. मी बघितलंय प्रयत्न करून. शेवट काय होता त्याचा?

ताई : काही फार नाही. ती शिट्टी वाजवते, पहारेकरी दार उघडतो. पत्र त्याच्याच नावाचं असतं, आयुष्यात आलेलं पहिलं. तो ते वाचत नाही, नुसतं खिशात ठेवतो आणि धरणाचं चाक फिरवतो. मग शहरातलं पाणी उतरतं. शेवटचं चित्र रस्त्याचं आहे. लोकांनी खुर्च्या बाहेर आणून उन्हात वाळत ठेवल्यात, शंभर तरी असतील, आणि एकीवर मांजर बसलीय.

लेक : तीच मांजर?

ताई : तीच. चित्रकारांनी हट्टाने काढली, घरी जायच्या आदल्या दिवशी.

लेक : आईला आवडलं असतं.

ताई : हो. आम्ही सहाही पोरी तिथे असतो तर ते चित्र बघून सगळ्या रडल्या असत्या. मी एकटीच होते, तेव्हा नाही रडले. चहा ठेवू का? माझ्या हातचा बरा नसतो, पण गरम असतो.

लेक : मला अजून एक विचारायचंय. विचित्र वाटेल तुम्हाला.

ताई : विचार.

लेक : माझ्याकडे तिचे फोटो आहेत पुष्कळ. आवाज नाही कुठेच. कुणी टेप करून ठेवला नाही. माझ्या डोक्यातूनही गेलाय, तीस-बत्तीसाव्या वर्षी कधीतरी, कळलंसुद्धा नाही. तुम्ही तिला कधी पाहिलं नाहीत. तुमच्याकडे तेवढंच असेल.

ताई : तेवढंच आहे माझ्याकडे.

लेक : कसा होता?

ताई : थोडा बसका. सकाळी उठल्या उठल्या आपला असतो ना, तसा, पण दुपारी चारला. कधी नाव सांगितलं नाही तिने. मी उचलला की म्हणायची, "मीच आहे." तिला वाटायचं, मला दुसरं कोण फोन करणार. आणि हसू आलं की वाक्याच्या मध्येच यायचं, शेवटचे शब्द त्यातच बुडायचे. मग म्हणायची, थांबा, परत सांगते.

लेक : "परत सांगते"?

ताई : "थांबा, परत सांगते." "थां" जरा लांबवायची.

लेक : अजून सांगा.