मैदान तर रिकामंच पडलंय

...आणि वर मलाच म्हणतात, "पार्थ, तू गप बस, मोठ्यांना कळतं!" कळतं? तुम्हाला सांगतो, कर्जतच्या आमच्या भैरवनाथ कॉलनीतल्या मोठ्यांना एवढं कळतं, एवढं कळतं, की कॉलनीत उरलेली एकुलती एक मोकळी जागा त्यांनी एका पंख्यापायी द्यायला काढली होती! पंख्यापायी! छताचा, तीन पात्यांचा!

झालं काय, तो कोल्हारचा बिल्डर आला, कल्याणशेठ. पांढरी गाडी, पांढरे बूट, आवाज असा की गुळाची ढेप घशात अडकलीय. "काका, चार मजले उठवतो, खाली तुमच्यासाठी हॉल... कॅरम, टीव्ही, वर गरगर पंखा! फक्त परवानगी देणाऱ्या मॅडम वरून पाहणीला येतील, तेव्हा जागा वापरात नाही एवढं दिसलं पाहिजे." झालं! आमचे चुलते भिमाजीनाना, कॉलनीचे अध्यक्ष... निवडून कोणी दिलं नाही हो, आवाज मोठा म्हणून अध्यक्ष... ते म्हणतात, "दिसायचं काय त्यात? मैदान तर रिकामंच पडलंय!" हात वर करा म्हटल्यावर रिटायर आसाराम गुरुजींनी तर दोन्ही वर केले. पोरांना आयुष्यभर हात वर करून उभं केलं, स्वतःची हौस आत्ता फिटली!

रिकामं! अहो, रिकामं केलं कोणी? आम्ही क्रिकेट खेळायचो तर चेंडू तुळशीत जातो म्हणून हाकललं. पोरी बॅडमिंटन खेळायच्या तर "रस्त्यावरचे बघत्यात" म्हणून हाकललं. म्हणजे स्वतःच हाकलायचं आणि स्वतःच सांगायचं, रिकामंच पडलंय! पण नाही... मोठ्यांना कळतं.

मी उठलो. म्हटलं, "नाना, मी तिथं पळतो." डिप्लोमा सोडला मी अर्ध्यात, सोडला तर सोडला, पण पोलीस भरतीचं ग्राउंड मारायचंय, सकाळ-संध्याकाळ पळतो, मैदान गेलं तर पळू कुठं? हायवेला? उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या झुलत येतात, भरतीआधी माझाच पंचनामा व्हायचा! तर नाना काय म्हणावेत? "कॉलेजातनं पळालास, कामातनं पळतोस, आजून किती पळशील रं?" अख्खी सभा हसली. गुरुजींची कवळी हलली हसताना.

म्हटलं हसा.

आता नानांचा मोबाईल कायम स्पीकरवर, कान गेलेत ना! त्यामुळे मॅडम गुरुवारी सकाळी येणार हे नानांच्या आधी गल्लीतल्या म्हशींना कळलं. मी थेट लंकाबाई काकूंकडे, नानांच्याच बायकोकडे. म्हटलं, "काकू, यंदा कुरडया कधी?" त्या म्हणाल्या, "तुजं नाना म्हनत्यात गुरुवार जाऊ दी मग कर." मी मोबाईल काढला, भुवया चढवल्या... "काकू, शुक्रवारपासून तर आभाळ सांगितलंय!" ठोकून दिली हो! नानांसारख्यांच्या हाताखाली वाढलोय, तेवढं जमतं. "आगं बया!" करून काकूंनी सोमवारी गहू भिजत घातला, त्यांचं बघून शेजारच्या सुरेखा वहिनींनी घातला, आणि मग काय, गल्लीच भिजली! घरभर आंबूस वास. नाना त्या वासात जेवले, झोपले, घोरले. पण मोठ्यांना कळतं!

गुरुवार उजाडला आणि काय देखावा सांगू! मैदानभर साड्या! लग्नातल्या, बारशातल्या, विरलेल्या, पिवळ्या, हिरव्या, मातीच दिसेना! चुली पेटलेल्या, पातेल्यांत चीक रटरटतोय, बाया सोऱ्या दाबून दाबून गोल गोल कुरडया घालतायत. तेवढ्यात नाना आले, इस्त्रीची टोपी, हातात हार. हार तसाच लोंबला. "आगं उठा! मॅडम येत्यात, आवरा समदं!" काकूंनी मान वर केली नाही. "चीक शिजलाय. गार झाला तर सोऱ्यात उतरत न्हाई. मग काय तुमचं डोकं घालू त्यात?"

आणि आल्या की हो मॅडम! मागून कल्याणशेठ, हसत, वर बघत, बहुतेक हवेत चार मजले मोजत... आणि पांढरा बूट सरळ साडीवर! तुम्हाला सांगतो, नानांच्या आत जन्मभराचं जे काय होतं ते उसळलं. "पाय! पाय काड! कुरडई हाय ती!!"

इथं तरी शेठनं गप्प बसायचं ना? खजील झाला, हसण्यावारी न्यायला गेला, "राहू द्या हो नाना, आमच्या कोल्हारच्या कुरडया बघा, याच्या दुप्पट फुलतात."

सोरे थांबले. सगळे.

"कोल्हारच्या?" नाना लाल! "आरं नदीकाठची वली हवा तुमची, कुरडई वाळायच्या आदी बुरसती! हे मैदान बघ! चारी अंगांनी वारं, कुटं भिताडाची सावली न्हाई! माज्या आयपासून हितं वाळवान पडतंय... कुरडया, सांडगं, शेवया! एक मजला उटला तर सावली पडंल, कुरडई काळी व्हईल!" गुरुजींनाही राहवेना, "आणि लग्नाचे मांडव! दहाव्याच्या पंगतीसुद्धा इथंच!"

काकूंनी मॅडमच्या हातात तूप-साखर घालून गरम चिकाची वाटी दिली होती. त्यांनी शांतपणे चमचा चाटला. "म्हणजे जागा वापरात आहे?"

"वापरात? बारा म्हयनं!"

...आणि मग नानांचा चेहरा! अहो, तो चेहरा मी फ्रेम करून लावणार होतो! मॅडम म्हणाल्या, "मग इथं बांधकाम व्हायचं नाही. विषय संपला." आणखी एक वाटी घेतली आणि गेल्या. शेठच्या बुटाचा चीक तोवर वाळला होता, पाय उचलला की चर्र चर्र! मी साड्यांमधल्या फटीफटीतून अशी फेरी मारली मैदानाला, अशी मारली, भरतीवाल्यांनी बघितलं असतं तर जागेवर घेतलं असतं!

संध्याकाळी सभा. मैदान वाचवल्याबद्दल शाल आणि नारळ... कोणाला? नानांना! "आमाला आदीपासनं ठाऊक हुतं, म्हनून तर मॅडमला हितं आनलं!" गुरुजींनी टाळ्यासुद्धा दोन्ही हातांनी वाजवल्या. मी तोंड उघडलं तर, "पार्थ, तू गप बस, मोठ्यांना कळतं!" आणि ठराव काय? वाळवण संपेपर्यंत मैदानात पळायचं नाही, धूळ उडते. कुरडयांची राखण करायला एक रिकामा माणूस बसवायचा.

मैदान नाही, मी रिकामा पडलोय म्हणे!

तर सध्या हातात काठी, डोक्यावर काकूंची फुटकी छत्री... आणि कर्जतचे कावळे, काय सांगू, एका जागी बसतच नाहीत! या टोकाला हाकलला की त्या टोकाला. दिवसभर मागे पळतोय.

चला, पळणं तर होतंय... आपल्याच मैदानावर.