आळीभर फिक्का ठेचा

यवतमाळच्या हृदयाच्या दवाखान्यातून बायकोसोबत बाहेर येऊन बाबारावांनी दाराशी ठेवलेला बूट पायात चढवला. बाकावर नंबराची वाट पाहणाऱ्या दीपाताईंनी पेपर तोंडापुढे धरला आणि कान या नवराबायकोकडे लावले.

“पाह्य रुखमे, सूज उतरली! पोळ्याले यात टाचही शिरत नव्हती. आता पोरीच्या लग्नात मी चालत मांडवात जातो.”

“गोळ्या अन् बिनमिठाचा सयपाक, दोन्ही चालू ठेवा म्हणे डॉक्टर.”

“हट! तुह्या अळणी वरणानं काही झालं नाही. मी तं रोज यमुनावहिनीकडे चोरून ठेचा खाऊन राह्यलो!”

“असं? कसा होता?”

“फिक्का! बाईले मिठाचा हातच नाही.”

“अन् गणपतभाऊकडचं पिठलं?”

“तेही फिक्कं. पण तुले काहून माहीत?”

“डॉक्टरनं मीठ कमी करा म्हटलं, त्याच दिवशी मी अख्खी आळी फिरली. म्हटलं, आमचे हे चोरून खायले येतीन, त्यायले बिनमिठाचं वाढजा.”

“सारी आळी सामील?”

“सारी. चला लवकर, यमुनावहिनीनं जेवाले बोलावलं. ठेचा केला म्हणे.”